गेम कन्सोलचा आवाज, कॉम्प्युटरचे स्पीकर आणि तिसरी पिन

होस्टेलमध्ये कुठलीही वस्तू एकाच्या मालकीची नसते. आमच्या खोलीतला गेमिंगचा सेटही असाच चार घरचा पाहुणचार होता. कन्सोल (पीएस ४ स्लिम) माझ्या रूम पार्टनरचा. मॉनिटर एका सिनिअरने जाताना ठेवून गेलेला, जुना, डीव्हीआय सॉकेटचा. २.१ स्पीकर माझ्या कॉम्प्युटरचे. आणि खेळायला अख्खी विंग! चित्र पहिल्या दिवशी आलं. आवाज यायला आठवडा लागला, आणि आवाजाबरोबर जी 'घूंऽऽ' आली तिने आम्हाला जे शिकवलं ते सेकंड इयरच्या आख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. तोच अनुभव क्रमाने मांडतो. ज्यांना फक्त केबल कुठली घ्यायची एवढंच हवंय त्यांनी पहिले तीन भाग वाचावेत. पण चौथा आणि पाचवा भाग सर्वांनी वाचावा, ही विनंती. त्याचा गेमशी फारसा संबंध नाही, होस्टेलमध्ये राहण्याशी आहे.

१) आवाज अडतो कुठे?

डीव्हीआय १९९९ सालचं, एचडीएमआयचं पहिलं स्पेसिफिकेशन २००२ सालचं. दोन्हींमध्ये चित्र पाठवायची पद्धत एकच, म्हणून एचडीएमआय-डीव्हीआय अशी साधी केबल लावली की चित्र येतं. पण एचडीएमआयमध्ये चित्रासोबत आवाजही त्याच तारांतून जातो, आणि जुन्या डीव्हीआय मॉनिटरला तो आवाज म्हणजे काय हे माहीतच नसतं. तो तिथेच मरतो. केबल खराब नाही, कन्सोल खराब नाही. आम्ही मात्र दोन केबल बदलून पाहिल्या!

दुसरीकडे, कॉम्प्युटरच्या स्पीकरला लागतो ॲनालॉग आवाज, 'लाईन लेव्हल'चा. घरगुती उपकरणांत ही पातळी सरासरी ०.३१६ व्होल्ट धरतात, मोठ्या आवाजाला साधारण २ व्होल्टपर्यंत जाते. स्पीकरच्या आत ॲम्प्लिफायर असतो आणि त्याच्या इनपुटला १० किलोओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. २ व्होल्ट आणि १० किलोओहम, म्हणजे पॉवर किती? ०.४ मिलिवॉट. म्हणजे कन्सोलने फक्त 'निरोप' द्यायचा असतो, ताकद ॲम्प्लिफायर लावतो. म्हणूनच नुसता ४ ओहमचा उघडा स्पीकर कन्सोलच्या आउटपुटला जोडून काही उपयोग नाही. आणि म्हणूनच कॉम्प्युटरच्या गुलाबी सॉकेटमध्ये ही वायर घालू नये. ते माईकचं, काही मिलिव्होल्टसाठी केलेलं. लाईन-इन फिकट निळं, स्पीकरचं पोपटी. रंग बघून खुपसा.

२) तुमच्याकडे कुठला कन्सोल आहे?

जुना पीएस २ (जपानमध्ये २००० साली आला, उत्पादन २०१३ च्या सुमारास थांबलं, पण होस्टेलमध्ये अजून जिवंत आहे): सगळ्यात सोपा. याच्या केबलला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन आरसीए पिना असतात. पिवळी चित्राची, पांढरी डावा आवाज, लाल उजवा. पांढरी आणि लाल स्पीकरकडे न्यायची. अडचण एकच: कन्सोलच्याही टोकाला नर आणि स्पीकरच्या ३.५ एमएम वायरलाही नर. दुकानात जाऊन नुसतं 'आरसीए टू ३.५' म्हणालात तर दोन्ही बाजूंनी नर असलेली केबल हातात पडते. 'दोन्ही बाजूंनी मादी' असं स्पष्ट सांगा. लाज वाटू देऊ नका, दुकानदार रोज ऐकतो.

निन्टेन्डो स्विच: हातात धरायच्या भागावरच हेडफोनचं ३.५ एमएम सॉकेट आहे. स्पीकरची वायर थेट तिथे. विषय संपला.

मॉनिटरला एचडीएमआय असेल तर: त्याच्या पाठीमागे हेडफोनचं सॉकेट आहे का ते आधी बघा. बऱ्याच मॉनिटरला असतं. आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरमध्ये जातो आणि तिथून बाहेर निघतो. एक रुपया खर्च नाही.

पहिला पीएस ४ (२०१३) आणि पीएस ४ प्रो: यांना ऑप्टिकल आउटपुट आहे. ही पद्धत तोशिबाने १९८३ मध्ये आणली, म्हणून नाव टॉसलिंक. छोटा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर डबा लावला की झालं. पीएस ४ स्लिमला हे सॉकेट नाही. २०२० मध्ये आलेल्या पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांनाही नाही.

ज्यांना यातलं काहीच जमत नाही (म्हणजे आम्ही): 'एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर' नावाची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. एकीकडून एचडीएमआय आत, दुसरीकडून एचडीएमआय बाहेर मॉनिटरकडे, आणि बाजूला ३.५ एमएम सॉकेट. ती कन्सोलच्या यूएसबीवर चालते. मात्र कन्सोलच्या साऊंड सेटिंगमध्ये आवाज 'लिनिअर पीसीएम', दोन चॅनल असा ठेवा. डॉल्बी किंवा डीटीएस ठेवलंत तर स्वस्त डबीला ते उलगडता येत नाही आणि तुम्ही शांतपणे डबीलाच शिव्या घालत बसता.

डबी येईपर्यंत जुगाड: पीएस ४ च्या कंट्रोलरला हेडफोनचं सॉकेट असतं. स्पीकरची वायर त्यात घालून सेटिंगमध्ये 'सर्व आवाज हेडफोनला' करायचं. बॅटरी लवकर उतरते आणि कंट्रोलर वायरने बांधला जातो, पण रविवार निघतो.

३) पहिली चूक: कॉम्प्युटरमधून फिरवून आणणे

स्पीकर एकच, कॉम्प्युटरलाही हवा आणि कन्सोललाही. मी हुशारी केली. डबीतून येणारी वायर कॉम्प्युटरच्या लाईन-इनला घातली आणि विंडोजमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाईस'वर टिक केलं. आवाज आला. पण फुटबॉलमध्ये किक आधी दिसायची आणि 'ठप्' नंतर!

कारण सोपं आहे. कॉम्प्युटर आवाज आधी आकड्यांत बदलतो, थोडा साठवतो आणि मग परत सोडतो. या साठवणुकीत वेळ जातो. ०.१ सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदात ३४ मीटर. खोलीत दीड मीटरवर बसून तुम्ही ३४ मीटरवरचा आवाज ऐकताय. बाउंड्रीवर बसून मॅच बघताना बॅटचा 'टक्' उशिरा येतो, तेच. बघायला चालतं, खेळायला नाही.

मग मी वाय-केबल आणली, कॉम्प्युटर आणि डबी दोघांच्या वायरी एकत्र बांधून स्पीकरला दिल्या. हीसुद्धा चूकच. दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडले की एक दुसऱ्याला लोड करतो, आवाज दबतो. ईएनटीसीच्या मित्राने सांगितल्यावर प्रत्येक वायरीत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला, एकूण चार. आवाज मोकळा झाला. सोल्डरिंग येत नसेल तर दोन बटणांचा साधा ऑडिओ स्विच घ्या, तो यापेक्षाही चांगला.

आणि याच संध्याकाळी, आवाजासोबत, ती आली. घूंऽऽऽऽ.

४) घूंऽऽऽ म्हणजे काय?

आपल्याकडे मेन्स २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्पीकरमधून सतत जाड घुमणारा आवाज येत असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा. म्हणजे मेन्स कुठूनतरी ऑडिओमध्ये घुसतंय. नेहमी ऐकलेला फंडा असा: ग्राउंड लूप. ऑडिओ केबलच्या बाहेरची जाळी, म्हणजे शील्ड, हीच सिग्नलची परतीची वाटही असते आणि दोन उपकरणांची बॉडीही जोडते. दोन्ही उपकरणांना वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग असेल, तर या दोन अर्थिंगमधला जो काही थोडा व्होल्टेजचा फरक असतो तो त्या जाळीतून करंट ढकलतो.

तुम्ही म्हणाल, पीएस ४ स्लिमला तर टू-पिन वायर असते, अर्थिंग आलं कुठून? मॉनिटरमधून. मॉनिटर थ्री-पिन, त्याचं अर्थिंग एचडीएमआयच्या शील्डमधून डबीत, डबीतून ऑडिओ केबलमध्ये, तिथून वाय-केबलने माझ्या कॅबिनेटला. मॉनिटर दाराजवळच्या जुन्या बोर्डवर, कॉम्प्युटर खिडकीजवळच्या बोर्डवर. लूप पूर्ण.

इथपर्यंत आम्हीच शोधून काढलं आणि कॉलर ताठ केली. पण तीन गोष्टी बसत नव्हत्या.

पहिली: कॉम्प्युटर शट डाऊन केला तरी घूं चालूच. त्याचा प्लग उपसला की बंद.

दुसरी: घूं रात्री दोननंतर कमी व्हायची. सबमिशनच्या आठवड्यात, जेव्हा सगळी विंग जागी, तेव्हा ती सर्वात जास्त.

तिसरी: माझ्या कॅबिनेटला हात लावला की आधीपासूनच मुंग्या यायच्या. 'सगळ्यांच्याच येतात रे' म्हणून कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. गंमत म्हणजे नवीन ऑडिओ केबल जोडल्यापासून त्या मुंग्या गायब झाल्या होत्या!

या तिन्हींचा विचार न करता माझ्या रूम पार्टनरने जे केलं ते होस्टेलमधले निम्मे लोक करतात. त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या थ्री-पिन टॉपवर प्लास्टिकचा टू-पिन कन्व्हर्टर चढवला. अर्थिंग तुटलं. घूं क्षणात बंद. टाळ्या. मित्र म्हणाला, "बघ, दहा रुपयांत काम." पण ज्या बाजूच्या खोलीत आमचं बघून त्याच संध्याकाळी एकाने पक्कडने पिनच कापली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

५) काका येतात

दोन दिवसांनी इलेक्ट्रिकल लॅबचे काका विंगमध्ये दुसऱ्याच कामाला आले होते. मी अभिमानाने सेट दाखवला. त्यांनी आवाज ऐकला नाही, चित्र बघितलं नाही. त्यांची नजर थेट कन्व्हर्टरवर.

"हे कुणी केलं?"

"काका, हमिंग येत होतं म्हणून..."

"मग ताप आला तर थर्मामीटर फोडता का रे?"

त्यांनी आधी तो कन्व्हर्टर काढला, मग ऑडिओ केबल काढायला लावली आणि मीटर आणला. दाराजवळच्या बोर्डवर फेज ते अर्थ: २३० च्या जवळपास. बरोबर. खिडकीजवळच्या बोर्डवर फेज ते अर्थ: सुमारे ११५. अर्थ ते न्यूट्रल: तेही सुमारे ११५. मला वाटलं मीटर बिघडला. काका म्हणाले, "विचार कर. निम्मं का?"

उत्तर कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आहे. त्यात नॉईज गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. सारखेच. बॉडी जमिनीला जोडलेली नसेल तर ती दोघांच्या मधोमध तरंगते: २३० च्या निम्मे, ११५ व्होल्ट. करंट मात्र थोडा. कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरड धरला तर २३० × ३१४ × ४.७ नॅनो, म्हणजे सुमारे ०.३४ मिलिअँपिअर. माणसाला अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास जाणवायला लागतं. ओल्या हाताला त्याहून आधी. हीच ती झिणझिणी.

मग त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. दाराजवळ फेज आणि अर्थमध्ये बल्ब लख्ख पेटला. खिडकीजवळ अंधार. "मीटर फसतो, बल्ब फसत नाही," काका म्हणाले. (हे प्रयोग कुणीही स्वतः करू नयेत. त्यांनी आम्हाला दोन पावलं मागे उभं केलं होतं.)

आता सगळं जुळलं. खिडकीजवळची लाईन नंतर केसिंग-कॅपिंगमधून चार खोल्यांना ओढलेली. तिची अर्थिंगची वायर मूळ बोर्डाजवळ कुठेतरी सुटलेली होती. चारही खोल्यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं, पण जमिनीला नाही. चार खोल्यांतली दहा-बारा यंत्रं, प्रत्येकाची थोडी थोडी गळती, मिळून चार-पाच मिलिअँपिअर. या करंटला जमिनीकडे जायला रस्ताच नव्हता, जोवर आम्ही कॉम्प्युटर आणि मॉनिटर ऑडिओ केबलने जोडले नव्हते. जोडले, आणि आमची ती बारीक ऑडिओ केबल चार खोल्यांचं अर्थिंग बनली!

म्हणून कॉम्प्युटर बंद केला तरी घूं राहायची, कारण करंट शेजाऱ्यांचाही होता. म्हणून शेजारी झोपले की ती कमी व्हायची. म्हणून माझ्या मुंग्या गायब झाल्या होत्या. घूं किती, तेही काढता येतं. केबलची जाळी आणि जोड मिळून अर्धा ओहम धरा. ४ मिलिअँपिअर × ०.५ म्हणजे २ मिलिव्होल्ट. सिग्नल ३१६ मिलिव्होल्ट. फरक फक्त ४४ डेसिबल. १६ बिट आवाजात थिअरीप्रमाणे ९६ डेसिबलपर्यंत जागा असते. शांत सीनमध्ये घूं ऐकू येणार नाही तर काय!

मी म्हणालो, "म्हणजे काका, धोका नव्हताच ना? चार मिलिअँपिअर तर..."

काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "आज चार. या चार खोल्यांत एकाची इस्त्री किंवा किटली आतून शॉर्ट होऊन बॉडीला लागू दे. अर्थिंग धड असेल तर मोठा करंट जातो, फ्यूज उडतो, संपलं. इथे अर्थिंग तुटलेलं. चारही खोल्यांच्या कॅबिनेटवर पूर्ण २३० येईल. फ्यूज उडणार नाही. करंट वाट बघत बसेल, कुणाचा तरी ओला पाय लागायची."

शरीराचा रेझिस्टन्स ढोबळ १००० ओहम धरतात. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव वाचवायला जो आरसीसीबी लावतात तो ३० मिलिअँपिअरला तुटतो. आकडेमोड मी तिथेच तोंडी केली आणि पहिल्यांदा परीक्षेबाहेर ओहमच्या नियमाची भीती वाटली. पावसाळा होता, खोलीभर ओले टॉवेल, आणि किटली तर आमच्याच शेजारच्या खोलीत रोज रात्री चालते.

थ्री-पिन टॉपमधली अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे व्हायवाला विचारतात. लांब, कारण प्लग घालताना ती सर्वात आधी लागावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी. तीच पिन आपण 'आवाज येतो' म्हणून कापतो.

त्या रात्री आम्ही होस्टेलच्या तक्रार वहीत चारही खोल्यांचे नंबर घालून लिहिलं. रेक्टर सरांनी दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन पाठवला. जंक्शन बॉक्समध्ये अर्थिंगची वायर स्क्रूखालून निसटलेली सापडली. काम दहा मिनिटांचं. कधीपासून निसटली होती कुणास ठाऊक. वहीची मागची पानं आम्ही चाळली. 'कॅबिनेटला करंट लागतो' अशी एकही तक्रार नव्हती. चार खोल्यांतल्या प्रत्येकाला मुंग्या येत होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं की असंच असतं. पिन कापलेल्या शेजाऱ्याने नवीन टॉप बसवला, पैसे माझ्या रूम पार्टनरने दिले.

६) मग घूं घालवायची कशी?

अर्थिंगला हात न लावता. या क्रमाने:

पहिलं, सगळं एकाच चांगल्या बोर्डवर, एकाच स्पाइक गार्डवर आणा. अर्थिंगची जागा एकच झाली की फरक उरत नाही. कन्सोल, कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर मिळून आमचा लोड ५०० वॉटच्या आत आहे, ६ अँपिअरच्या पॉइंटला १३८० वॉटपर्यंत चालतं. पण त्याच गार्डवर इस्त्री लावू नका.

दुसरं, केबल नीट आत बसली आहे का बघा. जाळी सुटलेली असेल तर जोरदार घूं येते आणि प्लगच्या धातूला बोट लावलं की बदलते. हा लूप नव्हे, तुटलेली केबल.

तिसरं, एकेक वायर काढत जा आणि ऐका. कॉमन रूमच्या टीव्हीला जोडत असाल तर केबल टीव्हीची वायर आधी काढून बघा. तिची जाळी दुसऱ्याच इमारतीत कुठेतरी जमिनीला जोडलेली असू शकते.

चौथं, तरीही उरली तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' घ्या. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, वायर जात नाही. ऑप्टिकल आउटपुट असेल तर तोही उत्तम, प्रकाशाला अर्थिंग नसतं.

आमची घूं पहिल्याच उपायात गेली. आयसोलेटर लागलाच नाही.

आणि शेवटचं. हा लेख वाचून झाला की आपल्या कॅबिनेटला, फ्रीजला, वॉटर कूलरला कधी झिणझिणी जाणवली होती का, ते आठवा. आठवलं तर आज रात्रीच तक्रार वहीत लिहा, खोली नंबर आणि बोर्ड कुठला त्यासकट. गेम कुठे पळून जात नाही. आम्ही वही उघडायला एक आख्खा पावसाळा लावला. तुम्ही लावू नका.